शेवटच्या रांगेतून दिसणारे स्टेडियम

प्रति,
जागतिक क्रीडा स्पर्धांच्या आयोजन समित्या, त्यांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि स्टेडियमचे वास्तुरचनाकार

विषय : नव्या स्टेडियमच्या आराखड्यावर उमटणाऱ्या लोकांच्या प्रतिक्रियांबाबत

महोदय / महोदया,

सनविवि.

एखाद्या शहराला मोठी स्पर्धा मिळाली की थोड्याच काळात आपल्याकडून एक चित्र प्रसिद्ध होते. वेळ नेहमी संध्याकाळची असते, आकाश जांभळट असते, स्टेडियम आतून सोनेरी उजेडाने भरलेले असते, भोवतीची झाडे पूर्ण वाढलेली असतात, आणि पाहणारा जमिनीपासून दोन-तीनशे मीटर उंचीवर कुठेतरी तरंगत असतो. त्या चित्रात रांग नसते, ऊन नसते, छत्री नसते, आणि जी काही माणसे असतात ती बारीक ठिपक्यांएवढी व अत्यंत निवांत असतात. लोक ते चित्र पाहतात आणि तासाभरात त्याला नाव ठेवून मोकळे होतात. कुणाला त्यात हेल्मेट दिसते, कुणाला कासव, कुणाला न्हाणीघरातले भांडे. मग आपले ठरलेले उत्तर येते, की ही केवळ थट्टा आहे, वास्तुकला समजायला वेळ लागतो, आणि इमारत उभी राहिली की हेच लोक तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतील.

या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे, म्हणून हे पत्र. लोकांची प्रतिक्रिया आपल्याला उथळ वाटते, कारण आपण त्यांच्यासमोर ठेवलेली वस्तूच उथळ असते. आकाशातून काढलेल्या चित्रावर माणूस आकाराविषयी बोलणार, दुसरे कशाविषयी बोलणार? छेद-आराखडा (म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते), आसनांच्या रांगांचा चढ, दारांची संख्या, स्पर्धा संपल्यानंतरचा भाडेकरू आणि देखभालीचा वार्षिक खर्च यांतले काहीच त्याला दाखवलेले नसते, आणि ज्या दिवशी ते बाहेर येते त्या दिवशी बहुधा करारावर सह्या झालेल्या असतात. दुरून डोंगर साजरे हे आपल्याला ठाऊक असते, आणि तरीही आपण डोंगर दुरूनच दाखवता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कतारच्या विश्वचषकासाठी अल वक्रा येथील स्टेडियमचे चित्र प्रसिद्ध झाले तेव्हा काय झाले ते आपल्याला आठवत असेल. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या कार्यालयाने आखाती किनाऱ्यावरच्या पारंपरिक शिडाच्या नौकेची प्रेरणा सांगितली होती; जगभरच्या लोकांना मात्र वरून पाहताना स्त्रीदेहाचा अवयव दिसला, आणि काही दिवस दुसऱ्या कशाचीच चर्चा झाली नाही. हदीद संतापल्या, आणि एखाद्या पुरुषाने हीच रचना केली असती तर असे बोलले गेले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य असावे असे मलाही वाटते. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही : तो आकार नेमका कुणाला दिसणार होता? पुढे मे २०१९ मध्ये ‘अल जनूब’ या नावाने ते खुले झाले. सुमारे ४०,००० प्रेक्षकांपैकी जो कोणी जमिनीवरून चालत दारापर्यंत आला, त्याला शीडही दिसले नसेल आणि दुसरे काहीही दिसले नसेल. त्याला दिसली असेल एक वळत गेलेली पांढरी भिंत. एवढा वाद झाला तो एका अशा दृश्यावर, जे विमानातल्या प्रवाशाखेरीज कुणाच्या वाट्याला येत नाही.

टोकियोची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण प्रतिक्रियांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत तिथे आकड्यांत मोजता येते. २०१२ मध्ये, २०२० चे ऑलिंपिक डोळ्यांपुढे ठेवून घेतलेल्या राष्ट्रीय स्टेडियमच्या वास्तुरचना-स्पर्धेत हदीद यांचीच रचना निवडली गेली : ८०,००० आसने, सुमारे ७० मीटर उंची आणि छप्पर तोलणाऱ्या दोन प्रचंड कमानी, प्रत्येकी अंदाजे ३७० मीटर लांबीच्या. सामान्य लोकांनी तिला सायकलस्वाराचे हेल्मेट म्हटले आणि ते नाव वर्तमानपत्रांतून फिरले. पण २०१३ मध्ये जपानी वास्तुरचनाकार फुमिहिको माकी यांनी जो आक्षेप घेतला तो आकाराच्या सौंदर्याविषयी नव्हता. त्याच परिसरात माकी यांनी स्वतः क्रीडागृह बांधलेले होते, तिथली जमीन त्यांना पायाखालची होती, आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते की मेइजी मंदिराच्या बाह्य उद्यानातली ती जागा एवढा आकार पेलणारी नाही. तोयो इतो, केंगो कुमा यांच्यासारखे रचनाकार त्या विरोधात सामील झाले. अराता इसोझाकी यांनी तर बदललेला आराखडा पाहून म्हटले, की हे कासव जपान बुडण्याची वाट पाहत बसले आहे, म्हणजे मग त्याला पोहून जाता येईल. थट्टा इथेही होतीच. फक्त ती करणारा मनुष्य आयुष्यभर इमारती बांधलेला होता, आणि त्या थट्टेच्या पोटात आकारमान, जागा आणि खर्च यांचे तिन्ही प्रश्न होते.

त्या प्रश्नांना वेळेवर उत्तर मिळाले नाही. १३० अब्ज येनांच्या अंदाजाने सुरू झालेले प्रकरण २५२ अब्ज येनांवर गेले, आणि १७ जुलै २०१५ रोजी पंतप्रधान शिंझो आबे यांनी ती योजना रद्द केल्याचे जाहीर केले. तोवर जुने स्टेडियम पाडून झाले होते. २०१९ च्या रग्बी विश्वचषकासाठी नवे स्टेडियम वेळेत होणार नाही हे उघड झाले आणि अंतिम सामना योकोहामाकडे गेला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हदीद यांच्या कार्यालयाने वाढीचा दोष आपल्या रचनेवर घ्यायला नकार दिला होता. टोकियोतले बांधकामाचे चढते दर आणि पुरेशा स्पर्धेविना लवकर नेमलेले कंत्राटदार हे त्यांच्या मते खरे कारण होते. कोण किती खरे, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण २०१३ मध्येच खर्चाची फोड लोकांपुढे ठेवली असती, तर हा वाद दोन वर्षे आधी आणि बऱ्याच कमी पैशांत मिटला असता, एवढे म्हणायला वास्तुकलेची पदवी लागत नाही. बैल गेला आणि झोपा केला, तोही दुप्पट खर्चाचा.

डिसेंबर २०१५ मध्ये केंगो कुमा यांचा सहभाग असलेली दुसरी रचना निवडली गेली. तिची उंची ५० मीटरांच्या आत होती आणि छपराखाली जपानच्या ४७ही प्रांतांतले लाकूड वापरायचे होते. लोकांचा विरोध मावळला. आणि मग २०१६ मध्ये लक्षात आले, की ऑलिंपिकची ज्योत कुठे ठेवायची हे या आराखड्यात ठरलेलेच नाही. लाकडी छपराखाली ती ठेवणे अर्थातच शक्य नव्हते. ज्या इमारतीचा आराखडा एवढ्या भांडणानंतर, एवढ्या डोळ्यांखालून गेला, तिच्यात ज्या कारणासाठी ती बांधायची तीच वस्तू राहून गेली! मला या प्रसंगाचे हसू येते, पण त्यातून एक शंकाही येते : त्या दुसऱ्या आराखड्याकडेही सगळ्यांनी बाहेरूनच पाहिले होते की काय?

आता माझ्यासारख्या प्रेक्षकाला नेमके काय पाहायचे असते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्टेडियममध्ये मी ॲथलेटिक्सच्या शर्यती पाहायला गेले होते. वरच्या मजल्याच्या तिसऱ्या रांगेत जागा होती, तिकिटावर कोणतीही सूचना नव्हती. बसल्यावर कळले, की जिन्याच्या तोंडाशी बसवलेल्या कठड्याची वरची नळी बरोबर माझ्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि अंतिम रेषेआधीचे शेवटचे काही मीटर तिच्या आड जातात. धावपटू वळणावरून सुटत, नळीपाशी येत आणि नाहीसे होत. कोण जिंकले ते मला लोकांच्या ओरडण्यावरून आणि मग पडद्यावरून कळे. शेजारचे वयस्कर गृहस्थ प्रत्येक शर्यतीच्या शेवटी अर्धवट उठत, मागून “बसा, बसा” असा पुकारा होई, आणि ते ओशाळून पुन्हा बसत. मध्यंतरात स्त्रियांच्या प्रसाधनगृहाबाहेरची रांग जिन्याच्या दोन वळणांपर्यंत गेली होती. मी परत आले तेव्हा पुढची शर्यत होऊन गेली होती. घरी येऊन त्या स्टेडियमचे मूळ संकल्पचित्र शोधून पाहिले. त्यात कठडे होते, पण ते काचेचे असावेत इतके पारदर्शक रंगवलेले होते.

हे नशिबाचे खेळ नाहीत, याला शास्त्र आहे, आणि ते आपल्या कार्यालयांत रोज वापरले जाते. मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांपासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत रेघ ओढली, तर ती पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याला ‘सी’ मूल्य म्हणतात. १२० मिलिमीटर असेल तर पुढच्याच्या डोक्यावरून आरामात दिसते, ९० चांगले मानतात, आणि ६० असेल तर मान वाकडी करून दोन डोक्यांच्या फटीतून पाहावे लागते. एवढ्या बोटभर अंतरासाठी रांगांचा चढ वाढतो, चढ वाढला की स्टँडची उंची वाढते, उंची वाढली की छपराचा आणि पायाचा खर्च वाढतो. म्हणजे आसनक्षमता, खर्च आणि दृष्टी यांची ही ओढाताण प्रत्येक आराखड्यात कुठेतरी तुटेपर्यंत ताणून सोडवलेली असते, आणि ती कुणाच्या बाजूने सोडवली हे त्या एका आकड्यात वाचता येते. तो आकडा संध्याकाळच्या त्या सोनेरी चित्राखाली आजवर कधी छापलेला मी पाहिला नाही.

दारांचेही तसेच. ब्रिटनमधल्या ‘ग्रीन गाइड’ या सुरक्षा-मार्गदर्शिकेप्रमाणे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या फिरत्या दारातून (टर्नस्टाइलमधून) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत घेता येतात असे धरतात. ६०,००० प्रेक्षकांना तासाभरात आत घ्यायचे तर किमान ९१ दारे हवीत. हा हिशेब शाळकरी मुलगा करील. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर ज्या बाजूला चेंगराचेंगरी झाली, तिथे उभ्याने पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांसाठी ७ फिरती दारे होती. वरच्या दराने त्यांना आत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. बाहेर गर्दी साचली, मग बाहेर जाण्याचे एक मोठे दार उघडले गेले, लोंढा आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात शिरला, आणि त्या दिवसामुळे एकूण ९७ माणसे गेली. पोलिसांच्या चुका त्यात मोठ्या होत्या, हे नंतर सिद्ध झाले. पण सात दारे सामन्याच्या दिवशी कमी झाली नव्हती, ती आधीपासून सातच होती. रोममधल्या कोलोसिअमला ८० कमानी होत्या आणि त्यांतल्या ७६ वर क्रमांक कोरलेले होते, त्यांतले काही आजही वाचता येतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला आपण कुठल्या दाराने जायचे ते कळत होते. आजच्या प्रेक्षकाला दारे किती असतील हेसुद्धा उद्घाटनापर्यंत कळू नये, हे काही बरे नाही.

स्पर्धेनंतरचे काय, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि त्याचे उत्तर सर्वांत शेवटी मिळते. माँट्रियलचे उदाहरण आपल्याला नको असेल, कारण ते सगळेच देतात, पण ते टाळताही येत नाही. रॉजर तायिबेर यांनी आखलेले ते स्टेडियम १९७६ च्या ऑलिंपिकला छपराविना आणि अर्ध्या मनोऱ्यानिशी उभे होते. मनोरा १९८७ मध्ये पूर्ण झाला आणि कर्ज २००६ मध्ये फिटले. आपल्या गोल आकारामुळे ते ‘बिग ओ’ म्हणवले जाई. इंग्रजीत ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, तेव्हा लोकांना नवे नाव शोधायचीही गरज पडली नाही, जुन्याचाच अर्थ बदलला. छप्पर बसले, फाटले, बदलले, पुन्हा बर्फाने फाटले, आणि २०२४ मध्ये क्वेबेक सरकारने नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलरचा खर्च जाहीर केला. स्पर्धा १६ दिवसांची होती.

उलट उदाहरणेही आहेत. अटलांटाने १९९६ चे स्टेडियम पुढच्याच वर्षी बेसबॉलसाठी वापरता येईल अशाच बेताने बांधले होते. सिडनीने २००० साठी उभारलेल्या १,१०,००० आसनांपैकी तात्पुरते स्टँड नंतर काढून टाकले. लंडनने २००७ मध्ये आराखडा दाखवला तेव्हा तो फारच साधा आहे म्हणून नाके मुरडली गेली. ८०,००० पैकी वरची ५५,००० आसने काढता येतील अशी त्याची योजना होती आणि मला स्वतःला ती फार शहाणपणाची वाटली होती. पण नंतर तिथे फुटबॉल आणायचे ठरले, छप्पर बदलावे लागले, खालची आसने मागे-पुढे सरकणारी करावी लागली, आणि रूपांतराचाच खर्च ३२ कोटी पौंडांवर गेला. धावपट्टीमुळे खेळ दूर पडतो ही तिथल्या फुटबॉल-प्रेक्षकांची तक्रार अजून आहे. आराखडा चांगला असूनही भाडेकरू आधी ठरलेला नसेल, तर काय होते ते यात दिसते. म्हणून ‘नंतर बहुउद्देशीय वापर करण्यात येईल’ हे वाक्य आता कृपया कोणत्याही पुस्तिकेत छापू नये. त्याऐवजी वापर करणाऱ्याचे नाव आणि तो किती वर्षांसाठी बांधील आहे ते छापावे.

लोकांचे ऐकले तर काम रेंगाळते, असा आपला युक्तिवाद असतो. बीजिंगच्या ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणवल्या जाणाऱ्या ऑलिंपिक स्टेडियमला हे लागू करून पाहावे. हर्झॉग आणि द म्यूराँ या वास्तुरचनाकारांची ती रचना इतर प्रस्तावांसह लोकांसमोर मांडली गेली होती. पुढे खर्च आणि सुरक्षितता यांवर चीनमधल्याच जाणकारांनी टीका केली. २००४ मध्ये काम थांबवून सरकते छप्पर वगळले गेले आणि पोलाद पुष्कळ कमी केले गेले. गंमत अशी, की ज्या छपराचे आधार झाकण्यासाठी काटक्यांची ती जाळी सुचली होती ते छप्परच गेले आणि जाळी मागे राहिली. तरी ती राहिली ती अधिक हलकी आणि स्वस्त होऊन, आणि २००८ ची स्पर्धा वेळेवर झाली. जिथे लोकांना फारसे विचारले जात नाही अशा देशात एवढे होऊ शकले, तर जिथे निवडणुका होतात तिथे घाबरायचे कशाला?

आपण आणखी एक दाखला नेहमी देता, तो आयफेल टॉवरचा : १८८७ मध्ये पॅरिसच्या नामवंत कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले आणि इतिहासाने त्यांना चूक ठरवले. खरे आहे, लोक चुकतात, कलावंतही चुकतात, आणि खुली पत्रे लिहिणारेही. पण त्या मनोऱ्याला परवानगी २० वर्षांची होती. पुढे तो शास्त्रीय प्रयोगांना आणि बिनतारी संदेशांना उपयोगी पडला म्हणून टिकला. आपल्या एखाद्या स्टेडियमवर अशी मुदत घालण्याची आपली तयारी असेल, तर हा दाखला जरूर द्यावा.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. निविदा निघण्यापूर्वी, संकल्पचित्राबरोबरच, सर्वांत स्वस्त तिकिटाच्या शेवटच्या रांगेतून आणि कठड्यामागच्या आसनावरून मैदान कसे दिसेल ते दाखवावे, आणि कठडा खऱ्या जाडीचा रंगवावा. स्पर्धेच्या महिन्यात दुपारी तीन वाजता कोणत्या आसनांवर ऊन असेल त्याचा नकाशा द्यावा. दारांची आणि स्त्रियांच्या प्रसाधनगृहांची संख्या द्यावी. खर्चाचा आकडा देताना तो कोणत्या वर्षीच्या दराने काढला आहे आणि त्यात छप्पर, रस्ते व नंतरचे रूपांतर धरले आहे की नाही, ते त्याच ओळीत लिहावे. हरकती आणि सूचनांसाठी किमान तीन महिने द्यावेत, आणि मुदत संपल्यावर ‘सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ असे न लिहिता कोणती सूचना मानली, कोणती फेटाळली आणि का, हे लिहावे. लोक तरीही नावे ठेवतील, याची मी खात्री देते. मात्र त्या वेळी ती कठड्याला, उन्हाला आणि खर्चाला ठेवलेली असतील, आणि ती दुरुस्त करायला आपल्या हाती वेळ असेल.

आपल्या पुढच्या चित्रात पाहणाऱ्याला आकाशातून खाली उतरवून वरच्या मजल्याच्या तिसऱ्या रांगेत बसवावे, ही विनंती. शेजारची जागा त्या वयस्कर गृहस्थांसाठी ठेवावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्रेक्षक